मागे काही ठेवायचं नाही

मामाला घरी जेवायला बोलावलंत तर एक पथ्य पाळा. जेवणं उरकली की त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नका. तो एकदा आत शिरला की उद्याच्या न्याहारीवर पाणी सोडायचं. उरलंसुरलं तो आग्रह करकरून वाढेल, कोणी घेईना तर कुत्र्यामांजरांना घालेल, भांडी खरवडेल, किटलीच्या तळाचं तेलसुद्धा निपटून काढेल. एकदा व्याह्यांच्या घरी त्याने सकाळच्या चहासाठी काढून ठेवलेलं दूध मोरीत ओतलं. विहीणबाई "अहो, अहो" करत धावल्या, तोवर पातेलं विसळून पालथंही पडलं होतं. मामा ओशाळून हसला. "सवय हो," म्हणाला.

सवय लष्करातली. मामा म्हणजे लष्करातला आचारी. सख्खी बहीण त्याला एकही नाही, तरी अर्ध्या पलटणीचा तो मामा झाला, कारण ताटात डाव रिकामा करताना त्याचा हात कधी आखडला नाही. आचाऱ्यांना तयार करणारा एक म्हातारा सुभेदार होता. त्याने पोरांना पाव भाजायला शिकवण्याआधी माघार घ्यायला शिकवली. ठाणं सोडायचा हुकूम आला की आधी तेल जमिनीत. मग पिठात माती, साखरेत राख. शेवटी भांड्यांवर कुऱ्हाड. जे उचलता येईल ते उचला, जे येणार नाही ते नासवा, शत्रूसाठी चमचाही सोडू नका. "मागे काही ठेवायचं नाही," असं तो सुभेदार उठताबसता बजावायचा, आणि ज्याच्या चुलीमागे बटाट्याचं साल सापडेल त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. मामाला कधी फेरी मारावी लागली नाही. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. नसता तर बरं झालं असतं.

लढाई सुरू होती तेव्हाची गोष्ट. पलटण नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात बरीच आत शिरली होती, आणि एका सकाळी शिरली तशीच बाहेर पडा असा हुकूम आला. गाड्या निघाल्या. मामाची गाडी शेवटची, कारण त्याच्या एका मोठ्या डेगेला भोक पाडायचं राहिलं होतं. हवालदार ओरडत होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि हा पठ्ठ्या डेगेवर कुऱ्हाड घालत होता. गाडी पुलाजवळ पोचली तेव्हा पूल नव्हता. आपल्याच लोकांनी, सगळे गेले असं समजून, तो उडवून दिला होता. मागून शत्रूच्या तोफा आल्या. गाडी जळाली, ड्रायव्हर तिच्यातच गेला. उरले चौघं: हवालदार, वायरलेसवाला, लंबू नावाचा एक उंचच उंच शिपाई, आणि मामा.

"तुझ्या त्या एका डेगेपायी!" हवालदार म्हणाला. पुढे तो हे वाक्य कधी चेष्टेत म्हणायचा, कधी रागात, पण मामाला ते दोन्ही वेळा सारखंच लागायचं. ड्रायव्हरला घरी म्हातारे आईबाप होते.

नदीकाठच्या गावाबाहेर साबणाचा एक बंद पडलेला कारखाना होता. चौघं तिथे लपले. चरबीचा आणि खाराचा वास भिंतींत मुरलेला, फळ्यांवर अर्धवट वाळलेल्या वड्यांच्या रांगा, मधोमध साबण शिजवायच्या लोखंडी कढया, माणूस उभा राहिला तर डोकंही दिसणार नाही एवढ्या खोल. मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्या होत्या. सगळे पळून गेले होते. एका खोलीवर गोळा पडला होता. तो कोणी डागला हे सांगायला कोणी उरलं नव्हतं आणि विचारायची कोणाला हिंमतही नव्हती.

लंबू खायला काही मिळतंय का म्हणून त्या खोलीत गेला आणि हातात धुण्याचं घमेलं घेऊन परत आला. घमेल्यात एक तान्ही पोर होती, चुन्याच्या धुळीने पांढरी झालेली. "टेबलाखाली होतं," तो म्हणाला. "आई टेबलावर पालथी पडलीये. बापही तिथेच आहे."

"जिथून आणलंस तिथे ठेव," हवालदार म्हणाला. "रडली तर इथे चार मढी अन् एक पोर अशी मोजणी होईल."

कोणी हललं नाही. हवालदारही नाही. पोरीने त्याच्याकडे बघितलं आणि शिंकली. त्याने खिशातून रुमाल काढला, तिचं नाक पुसलं, आणि ओरडला, "मामा, बघत काय बसलास? तुझं खातं आहे हे. हिला घाल काहीतरी खायला!"

मामाच्या पाठपिशवीत दूध पावडरीचा डबा होता. कढत पाण्यात ती कालवून, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब, असं त्याने तिला पाजलं. वायरलेसवाल्याने बॅटरीच्या लाकडी पेटीतला कप्पा काढून तिचा पाळणा केला. लंबूने आपला एकुलता एक जादा शर्ट फाडून लंगोट केले आणि ते धुवायचं कामही त्याच्याकडेच आलं, कारण साबणाला तिथे तोटा नव्हता. पोर रडायला लागली की मामा तिला घेऊन शिडीवरून कढईत उतरायचा. लोखंड जाड, आवाज आतल्या आत घुमायचा, बाहेर जायचा नाही. "आजवर आचाऱ्याने कढईत सगळं टाकलं," हवालदार वरून डोकावून म्हणायचा, "स्वतः बसायचंच काय ते राहिलं होतं." नाव कोणी ठेवलं नाही. जो तो बेबी म्हणायचा, आणि तेच चिकटलं.

गावात शत्रूचे शिपाई फिरत होते आणि वायरलेसची बॅटरी मरत चालली होती, तरी खरं सांगायचं तर ते दिवस मामाच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. याचीही त्याला पुढे लाज वाटली. स्वतःच्या तीन पोरांची तान्ही वर्षं त्याने फोटोतच पाहिली होती. इथे एक जीव त्याच्याच बोटावर जगत होता. कढईच्या तळाशी मांडीवर तिला घेऊन बसलं की वर गोल आभाळाचा तुकडा दिसायचा, फुटक्या पत्र्यातून, आणि तो तिच्याशी वाटेल ते बोलत राहायचा.

मग पावडर बाधली. पोरीला जुलाब लागले, डोळे खोल गेले, रडण्याचा आवाजही बारीक झाला. हवालदार येरझाऱ्या घालायचा. मामाने पाणी उकळलं, साखर घातली, मीठ घातलं, सगळं केलं. काही टिकेना.

त्याच सुमाराला कोळसेवाली आली. गावातलीच बाई, हातात बादली. बॉयलरच्या राखेतले अर्धे जळलेले कोळसे वेचायला ती कारखान्यात शिरली आणि समोर लंबूची बंदूक. ती ओरडली नाही. तिने बादली खाली ठेवली, हात वर केले. तेवढ्यात कढईतून बेबीचं ते बारीक रडणं आलं, आणि त्या बाईच्या छातीवरचं कापड बघता बघता ओलं झालं. हवालदार स्वतः चार पोरांचा बाप. तो काय समजायचं ते समजला आणि त्याने बंदुकीची नळी खाली दाबली.

भाषा एकमेकांची कळत नव्हती. तिने दोन्ही तळवे समोर धरून एवढंसं अंतर दाखवलं, बाळाएवढं, आणि मग एक तळवा जमिनीवर दाबला. नुकतंच गेलं होतं. मामाने बेबीला तिच्या हातात दिलं. ती कोळशाच्या ढिगावर बसली आणि पाठ फिरवून पाजायला लागली. चौघं पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे.

ती रोज दुपारी यायची. बादली घेऊनच, म्हणजे कोणाला संशय नको. बेबीचे गाल भरले. एकदा कोळशाखाली लपवून तिने लोकरीची छोटी टोपी आणली. कोणाची ते विचारायची गरज नव्हती. कारखान्याच्या फाटकाशी तिच्या लोकांचे शिपाई तिला हटकायचे, हसून काहीतरी विचारायचे, आणि ती बादली पुढे करायची. एका शब्दाने ती चौघांना भिंतीशी उभं करू शकली असती. तिचं बाळ कशाने गेलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मामाला, ऐका बरं का, मत्सर वाटायला लागला. बेबी आता त्याच्या बोळ्याला तोंड लावीना. बादलीचा खडखडाट ऐकला की मान वळवायची. "बघ, विसरली तुला," लंबू चिडवायचा. मामा हसायचा आणि भांडं जरा जोरात आपटायचा.

शेवटी वायरलेसवर हुकूम आला. नदीच्या वळणावर आपली नाव येईल, पहिलं धुकं पडेल त्या सकाळी निघा. धुकं पडलं. असं पडलं की कारखान्याचं धुराडंही दिसेना. कोळसेवालीने काय ओळखलं कोण जाणे, ती त्या दिवशी सकाळीच आली. मामाची आवराआवर चालली होती. तिने ती पाहिली आणि सगळं समजली. तिने बेबीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग गावाकडे दाखवलं. पुन्हा बेबी, पुन्हा छाती, पुन्हा गाव. मग दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"दे तिला," हवालदार म्हणाला. "त्यांचंच लेकरू आहे. बाईकडे दूध आहे, घर आहे. आपल्याकडे काय आहे?"

 मामाचे हात चालू होते. उरलेलं तेल त्याने जमिनीत ओतलं. साखरेत राख कालवली. कप फोडले.

"मामा, ऐकतोयस का? तू जगवलीस, तूच ठरव. पण माझं म्हणशील तर दे."

पीठ संपलं होतं. डब्याला भोक पाडून झालं. काही राहिलं का म्हणून मामाने नजर फिरवली, आणि पेटीत बेबी होती. त्याने तिला उचललं, कमरेचं ॲप्रन सोडलं आणि तिला छातीशी करकचून बांधलं. नंतर त्याने स्वतःला शंभर कारणं सांगितली: गावावर पुन्हा गोळे पडतील, शत्रूच्या मुलखात पोरीचं काय होईल, एकट्या बाईचा काय भरवसा. यातलं एकही त्या घटकेला डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की ही माझी आहे, आणि हातांना एवढंच माहीत होतं की जे उचलता येतं ते मागे ठेवायचं नसतं.

कोळसेवालीने ॲप्रनचं टोक धरलं. मामाने तिचं एकेक बोट सोडवलं. तिची बोटं कोळशाने भेगाळलेली होती आणि पकड भलतीच घट्ट होती.

ती त्यांच्या मागे नदीपर्यंत आली. काठावरच्या बांधाआडून तिच्या शिपायांचं बोलणं ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर तिला बेबी परत मिळाली असती. चौघं मेले असते, पण ते तिचे कोण होते? कदाचित गोळीबारात पोरही जाईल हे तिला कळलं असावं. तिने शालीचा बोळा तोंडात कोंबला आणि काठावर उभी राहिली. नाव धुक्यात शिरेपर्यंत ती तशीच उभी होती. नदीच्या मध्यावर मामाच्या ध्यानात आलं की बेबीच्या डोक्यावर ती टोपीही आहे. त्या बाईला त्याने तेवढंसुद्धा ठेवलं नव्हतं.

"त्या बाईबद्दल कुठे चकार शब्द काढायचा नाही," काठाला लागल्यावर हवालदार म्हणाला. "छापून आलं तर तिचेच लोक तिला सोलून काढतील." म्हणून अहवालात ती आली नाही. पेपरात मात्र मामाचा फोटो झळकला, छातीशी बेबी, खाली 'शत्रूच्या गोटातून चिमुकलीला वाचवणारा जवान'. मोठमोठ्या लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बेबी त्या फोटोत रडते आहे, पण छपाई खराब असल्यामुळे हसल्यासारखी दिसते.

तो तिला घेऊन घरी आला. दारात बायको उभी होती.

"अहो, हे काय आणलंत?"

"बघ तरी."

"बघितलं. कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही," मामा म्हणाला.

त्याच लढाईत मामीचा धाकटा भाऊ गेला होता. एका खोलीच्या घरात तीन पोरं होती आणि कोपऱ्यात अंथरुणाला खिळलेली सासू. "ज्यांनी माझा भाऊ मारला त्यांचं पोर मी पदरात घेऊ?" ती म्हणाली. "तुम्ही परत लढाईवर जाल. इथे मरायचं मी. नाही जमणार मला. नाही म्हणजे नाही."

आता मामाने सांगायला हवं होतं. अगं, एक बाई हात पसरून उभी होती, तिच्या हातातून हिसकावून आणलीये, आता तू नाही म्हणालीस तर माझ्या पापाला सीमा नाही, असं बोलला असता तर मामी विरघळली असती. तोंडाने फटकळ असली तरी काळजाने ती लोणी होती. पण तिने लगेच विचारलं असतं, मग तिच्याकडेच का नाही ठेवलीत? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.  दोन दिवसांनी बेबी अनाथाश्रमात गेली, लोखंडी खाटांच्या रांगेत, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात. टोपी पहिल्याच आठवड्यात आश्रमाच्या धुण्यात हरवली. तिथल्या बाई म्हणायच्या, गुणी आहे हो, रडतच नाही. रडून कोणी येत नाही हे त्या वयातही तिला उमगलं होतं.

लढाई संपली, मामाने लष्कर सोडलं आणि त्याच आश्रमात आचारी म्हणून लागला. लोक म्हणाले, काय देवमाणूस आहे! देवमाणूस सकाळी चूल पेटवायचा, दुपारी बेबीच्या ताटात कोणाच्या लक्षात येणार नाही इतपत जास्त वाढायचा, आणि संध्याकाळी दिवे लागताना घरी निघायचा. ती फाटकापर्यंत यायची. फाटक तो स्वतःच्या हाताने लावून घ्यायचा, ती आत, तो बाहेर.

"मामा, माझी आई कशी होती रे?" ती विचारायची.

"तू टेबलाखाली होतीस. ती वर पालथी पडून मेली, म्हणून तू वाचलीस."

हे खरंच होतं. एवढं खरं बोललं की बाकीचं गिळायला सोपं जायचं.

मामी पहिल्यांदा आश्रमात आली ती बेबीला गोवर आला तेव्हा. का आली ते तिलाच माहीत. पोरीच्या उशाशी बसली आणि ताप उतरेपर्यंत उठली नाही. त्यानंतर सुट्टी लागली की बेबी मामीकडे. फ्रॉक शिवायची ती मामी, केस विंचरायची ती मामी, शाळेत भांडायला जायची तीही मामीच. एकदा तिने पोरीला जवळ घेऊन विचारलं, "कायमची राहतेस का इथे?" बेबी आठ-नऊ वर्षांची असेल. "नको मामी," ती शहाण्यासारखं म्हणाली, "माझी खाट तिथे आहे." मामी मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडून रडली. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं की आपण पोरीचा जन्म वाया घालवला. ऊठसूट तेच. "माझ्या एका 'नाही'ने तिचं घर गेलं हो." आणि मामा म्हणायचा, "जाऊ दे गं. झालं ते झालं." ते तो इतक्या मोठ्या मनाने म्हणायचा की तिला आणखीच अपराधी वाटायचं.

बेबीच्या लग्नात हवालदार आला होता, काठी टेकत. त्याने मामाला बाजूला घेतलं. "तिला सांगितलंस का?"

"काय सांगू? तुम्हीच तर म्हणालात, बोलायचं नाही."

"तेव्हा म्हणालो होतो. त्या बाईला आता कोण मारायला येतंय?" तो मामाकडे बघत राहिला. "आणि घरी?"

मामा पंगतीकडे बघायला लागला. हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायला गेला. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि पुढच्या वर्षी तो वारलाही. लंबू त्याच्या आधीच गेला होता. वायरलेसवाल्याचा पत्ता नव्हता. आता नदीच्या या बाजूला ही गोष्ट जाणणारा मामा एकटाच उरल्यासारखा होता.

परवा मामीचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. बेबी चष्म्याच्या दुकानातून रजा काढून आली होती. दुपारची उन्हं खिडकीतून अंथरुणावर आली होती आणि ती मामीचे पाय चेपत बसली होती. मामा पायथ्याशी स्टुलावर.

"बेबी," मामी म्हणाली, "मी तुला घेतली नाही. मला माफ कर गं."

"काहीतरीच काय मामी! तू घेतली नसतीस तर दुसरं कोण होतं मला? मामाने तिथून उचललं आणि तू इथे वाढवलंस. तुम्हा दोघांवाचून जगात मला घेणारं कोणी होतं का?"

मामाने मान वर केली. बोलायची वेळ आली होती, आणि याहून सोपी पुन्हा येणार नव्हती. दोन वाक्यं पुरली असती. मामीचं ओझं उतरलं असतं, निदान अर्धं तरी. पण मग बेबी आपल्याकडे कशी बघेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने ओठ ओले केले.

मामीने बेबीचा हात गालाला लावला आणि मग कष्टाने मान वळवली. "आणि तुम्ही हो? तुम्ही एवढ्या जिवावर उदार होऊन तिला आणलीत, आणि मी दारातून परत लावली. जन्मभर एका शब्दाने बोलला नाहीत मला. मनात असेलच ना पण. आता तरी माफ केलंत का मला?"

बेबी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कौतुक होतं.

"केलं," मामा म्हणाला.

मामीने सुस्कारा सोडला, डोळे मिटले, आणि कित्येक दिवसांनी तिला स्वस्थ झोप लागली.